गॅरंड रायफल, आखूड

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या दोन वर्षांत अमेरिकेत आद्यनमुन्यांच्या स्वरूपात तयार झालेली अर्धस्वयंचलित रायफल. एम१ या प्रमाणित गॅरंड रायफलीची नळी सु. १५ सेंमी.ने कमी करून ती बनविण्यात आली. एम१ई५ (१९४४) व टी२६ (१९४५) हे तिचे दोन प्रकार होत. अमेरिकन सेनेने तिचा स्वीकार केला नाही. तथापि युद्धोत्तर काळात ‘टँकर गॅरंड’ या नावाने ती शस्त्रसंग्राहकांत प्रसिद्धी पावली. या नावाखाली विकल्या गेलेल्या रायफलींची संख्या मूळ नमुन्यांच्या कितीतरी पट आहे. त्यामुळे तिच्या अभ्यासात रचनेइतकाच अस्सलपणाचा प्रश्नही महत्त्वाचा ठरतो.

मूळ रायफल : जॉन कँटियस गॅरंड (१८८८–१९७४) या कॅनडात जन्मलेल्या अभिकल्पकाने मॅसॅचूसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्ड शस्त्रागारात एम१ रायफल विकसित केली. १९३६ मध्ये अमेरिकन सेनेने ती अधिकृत रीत्या स्वीकारली. तिची लांबी सु. ११० सेंमी., नळीची लांबी ६१ सेंमी., वजन सु. ४·३ किग्रॅ. व नळीचा व्यास ७·६२ मिमी. असून आठ काडतुसांची क्लिप तीत एकाच वेळी भरतात. गोळी नळीच्या तोंडाजवळ पोहोचली की तेथील बारीक छिद्रातून थोडा वायू खालच्या सिलिंडरमध्ये शिरतो व चालक दांड्याला मागे ढकलतो. दांड्याच्या खाचेमुळे बोल्ट फिरून सुटा होतो, रिकामे पुंगळे बाहेर फेकले जाते व घोडा ताणला जातो. नंतर स्प्रिंगच्या जोराने बोल्ट पुढे येताना नवे काडतूस नळीत सरकवितो. चाप प्रत्येक वेळी ओढावा लागत असल्याने ही रायफल अर्धस्वयंचलित ठरते.

आखूड रायफलीची गरज : विमानातून उतरणाऱ्या छत्रीधारी सैनिकांना आणि पॅसिफिक क्षेत्रातील दाट जंगलांत लढणाऱ्या पायदळाला एम१ रायफल लांब व जड वाटे. १९४१ मध्ये स्वीकारलेली एम१ कार्बाइन वजनाला हलकी, म्हणजे सु. २·५ किग्रॅ. होती, परंतु तिचे काडतूस लहान असून गोळीची ऊर्जा रायफलीच्या गोळीच्या जेमतेम एकतृतीयांशाहून थोडी अधिक होती. कार्बाइनचा आटोपशीरपणा व रायफलीची मारकशक्ती एकत्र आणावी, हा नव्या प्रयोगाचा हेतू होता.

एम१ई५ : अमेरिकन नामांकनपद्धतीत ‘ई’ हे अक्षर प्रायोगिक फेरबदल दर्शविते. १९४४ मध्ये गॅरंड यांनी एम१ रायफलीला ४६ सेंमी. लांबीची नळी व घडीचा धातूचा दस्ता बसविला. चालक दांडा व नळीवरील लाकडी आवरणही त्या प्रमाणात आखूड करावे लागले. रायफलीची लांबी सु. ९५ सेंमी. व वजन सु. ३·८ किग्रॅ. झाले. ॲबर्डीन येथील चाचणीत तिची अचूकता समाधानकारक आढळली. मात्र नळीच्या तोंडाशी होणारा स्फोटध्वनी, ज्वाळा व खांद्याला बसणारा धक्का ही फार जास्त होती. घडीच्या दस्त्यामुळे हाताला नीट पकड मिळत नसल्याने वेगळ्या मुठीची आवश्यकताही दिसून आली.

हे दोष मुख्यतः कारागिरीचे नसून काडतुसाच्या स्वरूपातून उद्‌भवलेले होते. एम१चे ६३ मिमी. लांब पुंगळ्याचे काडतूस लांब नळीसाठी योजिलेले होते. नळी आखूड केल्यास गोळी बाहेर पडतेवेळी वायूचा दाब अजून बराच जास्त असतो. हा वायू एकदम मोकळा झाल्याने आवाज व ज्वाळा वाढतात आणि गोळीचा वेग मात्र घटतो. आखूड शस्त्राला मध्यम शक्तीचे काडतूस लागते, हे तत्त्व जर्मनांनी याच काळात ७·९२ मिमी. व्यासाच्या आखूड काडतुसाद्वारे प्रत्यक्षात आणले होते. अमेरिकेत एम१ई५वरील काम मागे पडले.

टी२६ : युद्धक्षेत्रातील मागणी मात्र थांबली नाही. पॅसिफिक क्षेत्रातील सैन्याच्या कार्यशाळांत प्रमाणित रायफली कापून काही आखूड रायफली तयार करण्यात आल्या व छत्रीधारी सैनिकांकडून त्यांची चाचणी घेण्यात आली. या प्रयत्नांच्या आधारे १९४५ मध्ये स्प्रिंगफील्ड येथे नेहमीचा लाकडी दस्ता व आखूड नळी असलेला टी२६ हा नमुना सिद्ध झाला. ऑगस्ट १९४५ मध्ये जपानने शरणागती पतकरल्यावर पुढील उत्पादनाचे प्रयोजनच उरले नाही.

संग्राहक व अस्सलपणा : ‘टँकर’ हे नाव सैन्याने दिलेले नाही. रणगाड्यांच्या चालकदलासाठी ही रायफल बनविली होती असा समज त्या नावामुळे रूढ झाला. प्रत्यक्षात तिच्यामागील मुख्य प्रेरणा छत्रीधारी सैनिक व जंगलयुद्ध यांची होती. युद्धानंतर अतिरिक्त ठरलेल्या एम१ रायफली व त्यांचे सुटे भाग मोठ्या प्रमाणावर बाजारात आले. १९६० नंतर खासगी व्यावसायिकांनी त्यांच्या नळ्या कापून आखूड रायफली तयार केल्या. काहींत तर निकामी करण्यासाठी तोडलेले बोल्टघराचे तुकडे वितळजोडाने पुन्हा सांधलेले आढळतात. असे सांधे उघडे पडल्यास रायफल वापरणाऱ्याच्या जिवाला धोका संभवतो.

चालक दांड्यावरील जोड ही नकलेची निर्णायक खूण मानता येत नाही. कारण लांब भाग कापून जोडणे ही युद्धकालीन कार्यशाळांचीही पद्धत होती. त्याचप्रमाणे बोल्टघरावरील युद्धकालीन क्रमांक केवळ त्या भागाचे वय सांगतो. रायफल केव्हा आखूड केली गेली, हे त्यावरून ठरत नाही. म्हणून शस्त्रागाराच्या नोंदी, चाचणी-अहवाल, तत्कालीन छायाचित्रे व मालकीची अखंड परंपरा यांच्याशी वस्तूचा मेळ बसतो की नाही, हे पाहणे आवश्यक असते. असा पुरावा नसलेली रायफल युद्धोत्तर फेरबदल समजणेच योग्य होय. स्प्रिंगफील्ड शस्त्रागार १९६८ मध्ये बंद झाले. त्याचा संग्रह तेथील राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाच्या वस्तुसंग्रहालयात जतन केलेला असून एम१ई५चा नमुनाही त्यात आहे. विक्रीस येणाऱ्या रायफलींची तुलना करण्यास तो विश्वसनीय आधार ठरतो.