रक्ततपासणीचे पैसे कोण भरतो?

गेल्या वर्षी माझ्या सासऱ्यांची अँजिओप्लास्टी झाली. वय ७६, निवृत्त मुख्याध्यापक, मधुमेहाचे जुने रुग्ण. विम्याचा दावा मंजूर झाला आणि रुग्णालयातील बहुतेक खर्च कंपनीने उचलला. भरती होण्यापूर्वी केलेल्या तपासण्यांच्या पावत्या आम्ही मागाहून पाठवल्या होत्या. त्यांविषयीचे पत्र महिन्याभराने आले : सात तपासण्यांपैकी तीन मान्य, चार अमान्य. सासऱ्यांनी उत्तरपत्रिका तपासावी तसे ते पत्र लाल पेन हाती घेऊन वाचले आणि मला हाक मारली. "सूनबाई, रक्त माझे, हृदयही माझे, मग या चार पावत्या कोणाच्या?"

प्रश्न रास्त होता. आपल्याकडील सर्वसाधारण आरोग्यविमा हा मूलतः रुग्णालयातील वास्तव्याचा विमा आहे. तपासणीचे पैसे मिळतात ते त्या वास्तव्याच्या आधाराने. 'आरोग्य संजीवनी' या प्रमाणित पॉलिसीत दाखल होण्यापूर्वीचे ३० दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे ६० दिवस एवढ्या काळातील खर्च धरला जातो; इतर पॉलिसींत हे दिवस कमीअधिक असतात. मात्र नुसते दिवस मोजून भागत नाही. ज्या आजारासाठी रुग्ण दाखल झाला त्याच आजाराशी तपासणीचा संबंध असावा लागतो आणि रुग्णालयाचा मूळ दावाही मान्य झालेला असावा लागतो.

सासऱ्यांच्या ईसीजी, टूडी एको आणि ट्रेडमिल या तपासण्या अर्थातच मान्य झाल्या. जीवनसत्त्व ड, थायरॉइड आणि प्रोस्टेटसाठीची पीएसए या तिन्ही 'आता रक्त देतोच आहोत, तर होऊन जाऊ द्या' म्हणून आम्हीच करून घेतल्या होत्या. त्या नाकारण्यात कंपनीची काहीच चूक नव्हती. चौथी तपासणी होती क्रिएटिनिनची. अँजिओग्राफीत रक्तवाहिन्या दिसाव्यात म्हणून जे द्रव्य टोचतात, त्याचा मूत्रपिंडांवर ताण येऊ शकतो. म्हणून ती आधी करावीच लागते. पण डॉक्टरांनी ती फोनवरून सांगितली होती, लेखी चिठ्ठी नव्हती. हृदयरोगतज्ज्ञांकडून दोन ओळींचे पत्र आणून पाठवल्यावर त्या तपासणीचे पैसे आले. रुपये २८०. मूळ दावा मंजूर झाल्याचा झाला नसेल एवढा आनंद सासऱ्यांना या २८० रुपयांचा झाला.

याच काळात एका स्नेह्यांनी आम्हाला सल्ला दिला, "एक दिवस भरती व्हायचे, सगळ्या तपासण्या विम्यात बसतात." हा सल्ला ज्येष्ठांच्या कट्ट्यावर हमखास मिळतो आणि तो चुकीचा आहे. केवळ निदान व तपासणीसाठी झालेली भरती आरोग्यविम्याच्या प्रमाणित अपवादांत स्पष्टपणे मोडते. दावा फेटाळला जातो आणि खोलीचे भाडेही अंगावर पडते.

खोलीवरून आठवले. पॉलिसीतील मर्यादेपेक्षा महागडी खोली घेतली की कंपनी बिलातील इतर काही रकमाही त्याच प्रमाणात कमी करते. मात्र २०२० साली विमा नियामकाने दिलेल्या निर्देशांनुसार औषधे, शरीरात बसवलेली उपकरणे आणि तपासण्या यांच्या खर्चाला अशी प्रमाणशीर कात्री लावता येत नाही. बिलावर तशी कपात दिसली, तर कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी विचारावे. समाधान न झाल्यास विमा लोकपालाकडे जाता येते. मुंबईत आणि पुण्यात त्यांची कार्यालये आहेत आणि तेथे शुल्क लागत नाही.

विमा कंपनीला तपासणी कितीला पडते, हेही समजून घेतले पाहिजे, कारण तिचे पैसे शेवटी आपल्याच हप्त्यातून येतात. कंपनी आणि रुग्णालय यांच्यात काही उपचारांचा ठोक दर ठरलेला असतो. त्यात नेहमीच्या तपासण्या गृहीत असतात. जेथे बिल एकेका बाबीचे होते, तेथे प्रत्येक तपासणी विमा रकमेतून वजा होत जाते. अतिदक्षता विभागात रोज सकाळी रक्त घेतले जाते, ते पुष्कळदा आवश्यकच असते. पण एका रुग्णालयातून दुसऱ्यात हलवताना आदल्या दिवशीचे अहवाल सोबत नसले, की सगळी मालिका नव्याने सुरू होते. वर्षाची विमा रक्कम ज्येष्ठांना नेहमीच अपुरी पडते. तिच्यावर हा भार टाकू नये. फाइल जवळ ठेवणे हे काळजी घेणाऱ्या माणसाच्या हातातले काम आहे.

आता मुळातला प्रश्न. एका तपासणीची खरी किंमत किती? दरपत्रकावरून ती कळत नाही. करोनाकाळातील आरटीपीसीआरचे उदाहरण घ्या. मार्च २०२० मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने खासगी प्रयोगशाळांसाठी ४,५०० रुपयांची कमाल मर्यादा सांगितली. जूनमध्ये महाराष्ट्र शासनाने तीच तपासणी २,२०० रुपयांवर आणली. घरी येऊन नमुना घेतल्यास २,८००. मार्च २०२१ अखेर हे दर ५०० आणि ८०० झाले, तर डिसेंबरमध्ये ३५० आणि ७००. तपासणी तीच. दरम्यान किट देशात बनू लागले, स्वस्त झाले, आणि नमुने एवढे वाढले की यंत्राचा व माणसांचा खर्च हजारोंत वाटला गेला. अखेरच्या दोन आकड्यांकडे पुन्हा पाहा. घरी येण्याने दर दुप्पट होत होता. आपल्यापैकी ज्यांना जिना उतरवत नाही, त्यांच्या पावतीत प्रयोगशाळेइतकाच त्या दुचाकीवरून येणाऱ्या मुलाचा खर्च असतो, आणि तो मला तरी अवाजवी वाटत नाही.

प्रयोगशाळेचा बराचसा खर्च रुग्ण येवो न येवो, ठरलेलाच असतो. यंत्र अचूक मोजते आहे की नाही हे ज्ञात मूल्याच्या नमुन्यांवर पडताळून पाहावे लागते. मग दिवसभरात दहा रुग्ण येवोत की पाचशे. त्यात वीज, जैववैद्यकीय कचऱ्याची विल्हेवाट आणि पॅथॉलॉजिस्टचे मानधन आले. पदव्युत्तर पॅथॉलॉजिस्टच्या स्वाक्षरीची अट सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये ग्राह्य धरली. अहवालाखाली ती स्वाक्षरी आहे का, एवढे पाहण्याला पैसे पडत नाहीत. आणखी एक खर्च दरपत्रकात कधीच दिसत नाही : रुग्ण पाठवणाऱ्यास मिळणारी दलाली. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार डॉक्टरांनी ती घेणे निषिद्ध आहे.

ठरलेला खर्च एकदा निघाला, की त्याच नळीतील रक्तावर आणखी एक तपासणी करण्याचा खर्च थोडाच. म्हणून 'ऐंशी तपासण्या एका किमतीत' अशी जाहिरात परवडते. त्यातील कोलेस्टेरॉलचे पाच-सहा आकडे पाच-सहा तपासण्या म्हणून मोजलेले असतात, ते निराळेच. पण गैरसोय वेगळी आहे. 'सामान्य मर्यादा' साधारणपणे ९५ टक्के निरोगी माणसे आत बसतील अशी आखलेली असते. अर्थात निरोगी माणसाच्या परस्परांशी संबंध नसलेल्या २० तपासण्या केल्या, तर किमान एक आकडा मर्यादेबाहेर जाण्याची शक्यता ६४ टक्क्यांच्या घरात जाते. मग त्या ठळक अक्षरांतील आकड्यामागे सोनोग्राफी, तज्ज्ञांची भेट आणि रात्रीची जागरणे. स्वस्त पॅकेज महाग पडते ते येथे.

नेहमीच्या तपासण्या मात्र बहुधा स्वतःच्याच खिशातून कराव्या लागतात. साध्या पॉलिसीत बाह्यरुग्ण खर्च नसतो. तेथे विचारपूर्वक बचत होते. एचबीए१सी सुमारे तीन महिन्यांची सरासरी सांगते, ती दरमहा करून काही नवे कळत नाही. थायरॉइडच्या गोळीची मात्रा बदलल्यावर टीएसएच सहा ते आठ आठवड्यांनी पाहतात. पंधरा दिवसांत पाहिल्यास आकडा दिशाभूल करतो. अर्थात हे अंतर आपल्या डॉक्टरांनाच विचारावे, स्वतः ठरवू नये.

सरकारी दवाखान्याकडे पाठ फिरवण्याची आपली सवयही महागाचीच. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासण्या आणि उपचार निःशुल्क आहेत. ७० वर्षांवरील सर्वांना ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्नाची अट न ठेवता आयुष्मान भारत योजनेत घेतले आहे. तीत भरतीपूर्वीचे ३ आणि नंतरचे १५ दिवस धरले जातात. जुनी करप्रणाली निवडणाऱ्यांना प्रतिबंधात्मक तपासणीवरील ५,००० रुपयांपर्यंतची वजावट मिळते, पैसे रोखीने दिले असले तरी. ही रक्कम विमाहप्त्याच्या एकूण मर्यादेतच मोजतात.

सासऱ्यांनी आता जुन्या हजेरीपटात रकाने आखले आहेत : दिनांक, तपासणी, चिठ्ठी कोणाची, रक्कम, आणि शेवटचा, 'कशासाठी'. परवा तेथे एचबीए१सीची नोंद झाली. शेवटच्या रकान्यात लिहिले होते, 'सूनबाई मागे लागल्या म्हणून'. त्याखाली लाल पेनाने, 'चिठ्ठी घेणे'.