कर्करोगाचे दोन नकाशे

राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाचा २०२० साली प्रसिद्ध झालेला अहवाल उघडला, की पुरुषांच्या तक्त्यात सगळ्यांत वर मिझोरममधला ऐझॉल जिल्हा दिसतो. तिथे दर लाख पुरुषांमागे वर्षाला २६९.४ नवे रुग्ण सापडतात. सगळ्यांत खाली आपल्या मराठवाड्यातले उस्मानाबाद (म्हणजे आजचा धाराशिव) आणि बीड हे जिल्हे आहेत, तिथला आकडा ३९.५. बायकांच्या तक्त्यात वर अरुणाचल प्रदेशातला पापुम पारे जिल्हा, २१९.८, आणि तळाशी पुन्हा उस्मानाबाद-बीड, ४९.४. एकाच देशात पुरुषांच्या आकड्यांत जवळपास सातपट अंतर!

हे दर वयाचा फरक काढून टाकून मांडलेले आहेत. कर्करोग मुख्यतः उतारवयात होतो, त्यामुळे जिथे म्हातारी माणसं जास्त तिथे तो जास्त दिसणारच. तसं होऊ नये म्हणून प्रत्येक ठिकाणचे वयोगट एकाच ठरलेल्या लोकसंख्येच्या प्रमाणात बसवून मग तुलना करतात. तेव्हा ऐझॉलचं वरचं स्थान तिथल्या वयोमानामुळे आलेलं नाही. तिथल्या पुरुषांपैकी चौघांत एकाला वयाच्या ७४ वर्षांपर्यंत कर्करोग होण्याची शक्यता आहे.

कारणं बरीचशी माहीत आहेत. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात मिझोरममध्ये ५८.७ टक्के प्रौढ तंबाखू वापरत होते. देशाची सरासरी २८.६, महाराष्ट्राची २६.६ आणि गोव्याची ९.७. मिझोरममध्ये तंबाखूचा धूर पाण्यातून काढून ते पाणी, म्हणजे ‘तुईबुर’, तोंडात धरून ठेवतात. हाताने वळलेली ‘मेइझिओल’ ओढतात. जोडीला धुरावलेलं, खारवलेलं मांस आणि आंबवलेली डुकराची चरबी. तिथल्या जठराच्या कर्करोगावर झालेल्या अभ्यासांत या सवयींचा संबंध दिसून आला आहे. इतरत्र तऱ्हा वेगळी: गंगेच्या खोऱ्यात पित्ताशयाचा कर्करोग, मेघालयात अन्ननलिकेचा, मोठ्या शहरांत स्तनाचा. भारतात कर्करोगाचा एक आजार नाहीच, प्रांताप्रांताचे निरनिराळे आजार आहेत.

बीड-उस्मानाबादचा आकडा वाचून मराठी माणसाला हायसं वाटेल. मला तसं वाटत नाही. हा नकाशा रोग कुठे सापडतो ते सांगतो. रोगाने माणसं कुठे आणि किती मरतात, याचा नकाशा वेगळा आहे, आणि तो नीट काढलेलाच नाही.

रोग सापडणं हीच मुळात सोपी गोष्ट नव्हे. भारतातली पहिली लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी मुंबईत इंडियन कॅन्सर सोसायटीने १९६३ मध्ये सुरू केली. मुंबईत रुग्णालयं होती, पॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळा होत्या. तिथल्या वह्या चाळल्या की रुग्ण मिळत. खेड्यात वह्याच नव्हत्या. १९८७ साली सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत देशातली पहिली ग्रामीण नोंदणी सुरू झाली, तेव्हा तिथल्या लोकांनी पद्धतच उलटी केली. बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांतल्या ३४६ गावांत कार्यकर्ते स्वतः जाऊ लागले. बैठका घ्यायच्या, लक्षणं सांगायची, तोंडात न भरणारी जखम आहे का, स्तनात गाठ आहे का, पाळी गेल्यानंतरही अंगावरून जातंय का ते विचारायचं, आणि संशय आला त्या व्यक्तीला बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती रुग्णालयात आणायचं. या कामामागे डॉ. भगवान नेने यांची जिद्द आणि टाटा स्मारक केंद्राचं पाठबळ होतं. पुढे एक गोष्ट लक्षात आली. नुसत्या या जाण्या-येण्याने, कसलीही नवी तपासणी न आणता, बायका गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या आधीच्या टप्प्यात येऊ लागल्या. दुखणं अंगावर काढायचं नाही, एवढं पटलं तरी फरक पडतो.

जिथे असे कार्यकर्ते गेले नाहीत तिथे काय? मराठवाड्यातला कमी आकडा काही अंशी खरा असेल. तिथे मिझोरमसारखा धूर आणि मांस नाही. काही अंशी तो निदानच न झालेल्यांचा असेल. दोन्हींची वाटणी कशी करायची हे ठरवायला मृत्यूंची नोंद लागते आणि तिथेच आपण तोकडे पडतो. २०२० साली देशात नोंदलेल्या मृत्यूंपैकी सुमारे २२ टक्क्यांनाच डॉक्टरांनी कारण लिहून दिलेलं होतं. गोव्यात जवळपास सगळ्यांना, बिहारमध्ये अगदी थोड्यांना. खेड्यातली म्हातारी घरीच वारली की कारण म्हणून वय पुरतं.

ही पोकळी भरून काढण्याचा सर्वांत मोठा प्रयत्न म्हणजे ‘मिलियन डेथ स्टडी’. २००१ ते २००३ या काळातल्या मृत्यूंसाठी देशभरातल्या ११ लाख घरांत माणसं गेली. ज्या घरी मृत्यू झाला तिथे शेवटच्या आजाराची हकिगत विचारून लिहून घेतली. मग दोन डॉक्टरांनी ती स्वतंत्रपणे वाचून कारण ठरवलं. त्यातून कर्करोगाचे ७,१३७ मृत्यू वेगळे काढून २०१२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले. २०१० साली देशात सुमारे ५ लाख ५६ हजार माणसं कर्करोगाने गेली असा त्यांचा अंदाज होता, आणि त्यातले ७१ टक्के मृत्यू ३० ते ६९ या कर्त्या वयातले.

त्या अभ्यासातली एक गोष्ट मी पुन्हा पुन्हा वाचली. खेड्यातला आणि शहरातला मृत्युदर जवळपास सारखा निघाला: दर लाखामागे पुरुषांत ९५.६ आणि १०२.४, बायकांत ९६.६ आणि ९१.२. नोंदणी केंद्रांच्या तक्त्यांत शहरं खेड्यांपेक्षा खूप वर असतात. म्हणजे शहरात रोग जास्त सापडतो, पण मरणारे खेड्यातही तेवढेच. या दोन वाक्यांच्या मध्ये जे हरवलं आहे, ते उपचार.

राज्याराज्यांत फरक होताच. ईशान्येतल्या ३० वर्षांच्या पुरुषाला सत्तरीच्या आत कर्करोगाने मरण्याची शक्यता ११.२ टक्के होती, देशात सर्वाधिक. पण त्याहून ठळक दरी शिक्षणाची होती. निरक्षर पुरुषांत कर्करोगाने मरण्याचा दर १०६.६, सर्वाधिक शिकलेल्यांत ४५.७. बायकांत १०६.७ आणि ४३.४. कर्करोग हा सुखवस्तू शहरी माणसाचा रोग, अशी समजूत आपल्याकडे अजून आहे. मरण्याच्या हिशेबात तो न शिकलेल्यांचा रोग आहे. तंबाखू आणि मिश्रीची सवय कमी शिकलेल्यांत जास्त, लग्न लवकर, बाळंतपणं जास्त, आणि रक्त दिसल्यापासून डॉक्टरच्या दारापर्यंतचे महिनेही जास्त.

जगाशी तुलना केली तर हेच अंतर पुन्हा दिसतं. २०२२ च्या जागतिक अंदाजांनुसार भारतात वर्षभरात १४ लाखांवर नवे रुग्ण आणि ९ लाखांवर मृत्यू. शंभर रुग्णांमागे साधारण ६५ मृत्यू. अमेरिकेत रुग्ण आपल्यापेक्षा कितीतरी जास्त सापडतात, मृत्यू शंभरामागे पंचविसेक. हे सरळ गुणोत्तर आहे, एकाच वर्षीच्या रुग्णांचा पाठपुरावा नव्हे. पण कल धडधडीत आहे.

मग पुन्हा मिझोरमकडे पाहू, कारण तिथे आणखी एक धक्का आहे. २०१२ ते २०१५ दरम्यान स्तनाचा कर्करोग झालेल्या बायकांचा पाठपुरावा अकरा नोंदणी केंद्रांनी केला. पाच वर्षं जगलेल्यांचं देशाचं प्रमाण ६६.४ टक्के निघालं. सर्वांत चांगलं कुठलं? मिझोरमचं, ७४.९ टक्के. सर्वांत वाईट अरुणाचलातल्या पासिघाटचं, ४१.९. दोन्ही ईशान्येतले, दोन्ही डोंगराळ. पुरुषांत रोगाचं प्रमाण सर्वाधिक असलेल्या राज्यात बाई वाचण्याची शक्यता सर्वाधिक आणि ईशान्येतल्याच दुसऱ्या राज्यात सर्वांत कमी, हे भूगोलाने समजावता येत नाही. त्याच अभ्यासात गाठ स्तनापुरती असताना निदान झालेल्यांत ८१ टक्के पाच वर्षं जगल्या, रोग शरीरात दूर पसरल्यावर आलेल्यांत १८.३ टक्के. गर्भाशयमुखाच्या कर्करोगातही अहमदाबाद शहरात ६१.५ टक्के आणि त्रिपुरात ३१.६ टक्के अशी दरी आहे.

काळानुसार काय बदललं, ते थोडक्यात. वयाचा फरक काढून टाकल्यावर १९९० ते २०१६ या काळात देशात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचं प्रमाण सुमारे चाळीस टक्क्यांनी घटलं आणि स्तनाच्या कर्करोगाचं जवळपास तेवढ्यानेच वाढलं. उशिरा लग्न, कमी मुलं, घरात नळ आणि न्हाणीघर यांनी पहिला कमी केला; उशिरा आणि कमी बाळंतपणं, कमी अंगावर पाजणं, वाढतं वजन यांनी दुसरा वाढवला. पुरुषांत तोंडाचा कर्करोग वर सरकला आहे. २०१५ ते २०१९ च्या ४३ नोंदणी केंद्रांच्या आकड्यांत त्याने फुप्फुसाच्या कर्करोगाला मागे टाकलं. महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के आणि तंबाखू चघळणारे, मिश्री लावणारे वगैरे २४.४ टक्के, त्यामुळे याचं नवल वाटायला नको. आपल्या राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. पानटपरीवर सुपारी आणि तंबाखूच्या दोन वेगळ्या पुड्या शेजारी शेजारी टांगलेल्या दिसतात.

मृत्युदर खाली आणता येतो का, हा प्रश्न ज्या मोजक्या ठिकाणी खऱ्या अर्थाने विचारला गेला, त्यांत उस्मानाबाद आहे. त्या पहिल्या तक्त्यात तळाशी असलेला तोच जिल्हा. १९९९ पासून तिथल्या गावांचे ५२ गट करून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी बायकांचा अभ्यास झाला. काही गटांत गर्भाशयमुखावरच्या पेशींतून, तिथला कर्करोग घडवणाऱ्या एचपीव्ही विषाणूची तपासणी, काहींत पॅप तपासणी, काहींत ॲसिटिक ॲसिड लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणं, आणि उरलेल्या गटांत फक्त आरोग्यशिक्षण व नेहमीच्या सेवा. प्रत्येक तपासणी आयुष्यात एकदाच. आठ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर, २००९ मध्ये, ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये निकाल आले. एचपीव्ही तपासणी मिळालेल्या ३४,१२६ बायकांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने ३४ गेल्या. काहीच तपासणी न मिळालेल्या ३१,४८८ बायकांत ६४. मृत्यूचा धोका जवळपास निम्मा. पॅप आणि डोळ्यांनी पाहण्याच्या गटांत असा ठोस फरक दिसला नाही.

तपासणी न मिळालेल्या त्या गटांबद्दल पुढे नैतिक आक्षेप घेतले गेले, आणि ते आक्षेप मला रास्त वाटतात. ज्या बायकांना तपासायचंच नाही असं ठरलं होतं, त्यांच्यातल्या ६४ जणींच्या जिवावर आज जगाला एचपीव्ही तपासणीचा पुरावा मिळाला आहे. त्या बायका उस्मानाबादच्या होत्या. त्या तपासणीवर पहिला हक्क त्यांच्या लेकीसुनांचा आहे, असं म्हटलं तर त्यात काही जास्त मागितल्यासारखं होत नाही.

मुंबईच्या झोपडवस्त्यांतल्या दीड लाखांहून अधिक बायकांवर डॉ. सुरेंद्र शास्त्री आणि सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग वेगळा होता. दहावीपर्यंत शिकलेल्या, काही आठवडे प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी, अशा चार फेऱ्यांत, त्याच साध्या ॲसिटिक ॲसिडने पाहत गेल्या. बारा वर्षांत या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. उस्मानाबादेत एकदाच पाहून जे साधलं नाही ते मुंबईत पुन्हा पुन्हा पाहून साधलं. केरळात तिरुवनंतपुरमजवळ घरोघरी जाऊन तोंड तपासल्यावर तंबाखू-दारूची सवय असलेल्यांत तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू एकतृतीयांशाने कमी झाले होते. यांतल्या कुठल्याही कामाला मोठं यंत्र लागलं नाही. लागली ती पुन्हा दार ठोठावणारी माणसं, आणि संशय आल्यावर पाठवायला जवळ एक रुग्णालय. परळच्या टाटा स्मारक केंद्रात येऊन पडणाऱ्या, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत महिनोन्‌महिने राहणाऱ्या कुटुंबांना ‘जवळ’ या शब्दाची किंमत कळते.

बार्शीचं आणखी एक देणं आहे. २००९ मध्ये देशातल्या निरनिराळ्या केंद्रांवर १० ते १८ वर्षांच्या मुलींना एचपीव्ही लस देऊन दोन आणि तीन डोसांची तुलना करायची होती. बार्शी त्यातलं एक केंद्र. दुसऱ्या एका लस प्रकल्पावरून वाद उठला आणि एप्रिल २०१० मध्ये सरकारने लसीचे सगळे प्रयोग थांबवले. तोवर १७,७२९ मुलींना लस मिळाली होती, आणि त्यांतल्या जवळपास पाच हजार मुलींचा फक्त पहिलाच डोस झाला होता, पुढचे राहिले. संशोधकांनी त्यांना सोडून दिलं नाही. दहा वर्षांनी दिसलं, की एका डोसानेही एचपीव्ही १६ आणि १८ या प्रकारांच्या टिकून राहणाऱ्या संसर्गापासून ९५ टक्क्यांवर संरक्षण मिळतं, जवळपास तीन डोसांइतकंच. २०२२ च्या अखेरीस जागतिक आरोग्य संघटनेने एका डोसाचा पर्याय मान्य केला, त्यामागच्या पुराव्यांत या मुली होत्या. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्वाव्हॅक लस २०२३ मध्ये बाजारात आली.

आणि तरीही पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या भारतीय बायकांपैकी १.९ टक्के बायकांचीच गर्भाशयमुखाची तपासणी कधीतरी झालेली निघाली. तामिळनाडूत ९.८ टक्के. ज्या राज्याने तालुका पातळीवर तपासणी नेली तिथे आकडा पाचपट झाला, यावरून ते जमण्याजोगं आहे एवढं कळतं. बीड आणि धाराशिवला आता दोन गोष्टी दरवर्षी जाहीर व्हायला हव्यात: तीस ते पासष्ट वयाच्या किती बायकांची एचपीव्ही तपासणी झाली, आणि जिल्ह्यात कर्करोगाने किती माणसं कोणत्या टप्प्यात सापडून गेली. ३९.५ हा आकडा कितपत खरा होता, हे त्या दुसऱ्या यादीतूनच कळेल.