हाडांच्या पोटातील जाळी

हाड म्हटले म्हणजे दगडासारखी एकसंध व निर्जीव वस्तू डोळ्यांपुढे उभी राहते. ही कल्पना किती चुकीची आहे, हे निपाणी-कोल्हापूरकडच्या पंगतीत नळी फोडणाऱ्याला तरी ठाऊक असावयास हवे. नळीच्या मध्यभागी कवच जाड आणि आत पोकळी असते. पण टोकाशी, सांध्याजवळ, कवच पातळ होते आणि आत बारीक काड्यांची व पापुद्र्यांची दाट जाळी लागते. शरीरशास्त्रात हिला सुषिर अस्थी म्हणतात. माणसाच्या शरीरात ती मुख्यतः मणके, खुबा, मनगट, बरगड्या आणि कमरेची रुंद हाडे यांत आढळते.

ही जाळी वेडीवाकडी विणलेली आहे असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु तसे नाही. १८६६ साली झुरिच येथे शरीरशास्त्रज्ञ मायर यांनी मांडीच्या हाडाचा उभा छेद दाखविला, तेव्हा कुल्मान नावाच्या इंजिनियराच्या ध्यानात आले की, जाळीतील काड्यांच्या रांगा यारीच्या वाकड्या भुजेवर पडणाऱ्या ताणाच्या आणि दाबाच्या रेषांप्रमाणेच गेल्या आहेत. जेथे भार अधिक, तेथे काडी जाड. जेथे भार नाही, तेथे निसर्गाने हाड वायाच घालविलेले नाही. पुढे १८९२ साली जर्मन शल्यवैद्य वोल्फ यांनी यावरून नियम मांडला की, भार बदलला की हाडाची आतली रचनाही बदलते. अंतराळात गेलेल्या माणसाच्या शरीरावर वजनाचा भार राहत नाही, आणि त्याच्या खुब्याचे हाड दरमहा सुमारे एक ते दीड टक्का झिजते, हा त्याचाच पडताळा होय.

जाळीच्या घरांत तांबडी मज्जा असते आणि रक्तातील पेशी तेथेच तयार होतात. रक्ताच्या कर्करोगाचा संशय आला म्हणजे डॉक्टर कमरेच्या हाडात मागून सुई घालून मज्जेचा नमुना घेतात, तो याच कारणाने. मणक्याला ते हात लावीत नाहीत. त्यामुळे या तपासणीने कमरेखालचे अंग लुळे पडेल ही भीती निराधार आहे.

हाड सदैव मोडले व बांधले जात असते. एका जातीच्या पेशी जुने हाड खातात, दुसऱ्या जातीच्या नवे रचतात. सांगाड्याच्या वजनात सुषिर अस्थीचा वाटा पाचवा हिस्साच. पण तिचा पृष्ठभाग फार मोठा, म्हणून ही उलाढाल तिच्यात सर्वाधिक चालते. स्त्रीची पाळी गेली की खाणाऱ्या पेशींना आवरणारा अंतःस्राव कमी होतो आणि पहिला घाला या जाळीवर पडतो. काड्या बारीक होतात, मग तुटतात. बारीक झालेली काडी पुन्हा थोडी भरता येते. तुटलेला दुवा मात्र पुन्हा जुळत नाही. अस्थिसुषिरतेची खरी मेख येथे आहे.

निपाणी हे तंबाखूचे गाव. येथील विड्या वळणाऱ्या बायका मांडीवर सूप घेऊन तासन्‌तास घरात बसतात. अंगावर ऊन नाही, म्हणून ड जीवनसत्त्व कमी. पायांवर भार नाही, म्हणून हाडाला जाड होण्याचे कारण नाही. ज्यांच्या घरी विडीचा धूर आहे त्यांची गोष्ट आणखी वेगळी. धूम्रपानाने हाडांची घनता घटते आणि मोडलेले हाड उशिरा सांधते, हे सिद्ध झालेले आहे. प्रौढाला दिवसाकाठी सुमारे १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. खानापूर-चंदगडच्या डोंगराळ भागात पिकणाऱ्या नाचणीत ते १०० ग्रॅममागे सुमारे ३५० मिलिग्रॅम असते. ज्वारीत त्याचा दहावा हिस्साही नाही. तरीही नाचणीची भाकरी गरिबाची म्हणून ताटातून मागे पडली, ही खेदाची गोष्ट होय.

म्हातारपणी कंबर वाकायचीच, असे म्हणून पुष्कळ घरांत हा विषय संपतो. वस्तुतः पाठीला बाक येऊन उंची कमी होते, तेव्हा बहुधा एखाद्या मणक्याची जाळी आत दबलेली असते, आणि पुष्कळदा ती न दुखता दबते. मनगटाचे तसेच. पन्नाशी-साठीची बाई अंगणात घसरते, हात टेकते, मनगट मोडते. हाडवैद्य वा डॉक्टर ते बसवितात, प्लास्टर सुटते, आणि एवढ्या लहानशा पडण्याने हाड का मोडले, हे कोणी विचारीत नाही. पुढचा आघात खुब्यावर आला म्हणजे शस्त्रक्रिया, अंथरूण आणि कित्येकदा कायमचे परावलंबन वाट्याला येते. जाळी खाणाऱ्या पेशींना आवर घालणारी औषधे आज उपलब्ध आहेत. ती मनगटाच्या वेळी सुरू झाली तर खुबा मोडण्याचा धोका बराच कमी करता येतो. त्यासाठी डेक्सा नावाची क्ष-किरण तपासणी करतात. तीत कमरेचे मणके आणि खुबा यांचीच घनता मोजतात, आणि अंक उणे २.५ किंवा त्याहून खाली आला की अस्थिसुषिरता आहे असे समजतात.