फळांचा वाटा केवढा?

मे महिना लागला की माथेरानच्या पायथ्याच्या ठाकर-कातकरी वाड्यांतल्या बाया करवंदांच्या टोपल्या घेऊन नेरळ-कर्जतच्या बाजारात येऊन बसतात. पावसाच्या तोंडावर जांभळे येतात. पानाच्या द्रोणात वाटा मिळतो. तो आपण जाताजाता तोंडात टाकतो, आणि आजाऱ्यासाठी मात्र दूरदेशीची महाग सफरचंदे आणतो. हा व्यवहार उफराटा आहे.

फळ हलके की जड, हे उष्मांकांवरून ठरते. १०० ग्रॅम कलिंगडात सुमारे ३० उष्मांक असतात, पपईत ४० च्या आसपास, पेरू-जांभळांत पन्नास-साठ. केळ्यात आणि फणसाच्या गऱ्यांत नव्वदीच्या घरात. ज्यात पाणी जास्त, ते फळ हलके.

मग आंबा वाईट का? मुळीच नाही. दोन फोडी चावून खा, चोथा पोटात जातो, भूक भागल्याचे कळते. पण आपल्याकडे रस काढायचा, वर साखर घालायची, जोडीला पुऱ्या, आणि 'घ्या हो, अजून एक वाटी!' हा आग्रह. दोन-तीन आंबे कधी पोटात गेले ते समजतसुद्धा नाही. दोष फळाचा नाही, वाटीचा आहे.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली मोठ्या माणसासाठी जो आहार सांगितला, त्यात दिवसाला भाजीपाला ४०० ग्रॅम आणि फळे १०० ग्रॅम आहेत. १०० ग्रॅम म्हणजे एक बेताचा पेरू, किंवा ओंजळभर जांभळे. भातखाचरात दिवसभर चिखलणी करणाऱ्याला चार घास जास्त लागले तर लागू देत. पण खोपोलीच्या कारखान्यात खुर्चीवर बसणारा, किंवा लोकलने मुंबई गाठणारा त्याचा नातू आजोबांच्याच मापाने जेवला, तर अंगावर चरबी चढते, पुढे मधुमेह दाराशी येतो. मधुमेह्यांनी जांभळे जरूर खावीत, पण ती औषधाच्या जागी नव्हेत. गोळी चुकवू नये.

गुरुजींना आणि बाईंना एक सांगणे आहे. हा हिशेब सगळ्या मुलांना लावू नका. आपल्याच तालुक्यांतल्या वाड्यांवर वजन कमी असलेली लेकरे आहेत. त्यांना केळे हवे, आंबा हवा, फणसाचे गरेही हवेत. वर्गात एखादे मूल फारच रोडके दिसले, तर त्याच्या घरी जाऊन या, आणि आरोग्य केंद्रात त्याचे वजन करून घ्या.