दगडू, इकडे ये!

नावाचा विषय निघाला आणि आमचे शहर त्यात नाही, असे सहसा होत नाही. सप्टेंबर 2023 मध्ये इथल्या सिद्धार्थ उद्यानातील वाघाच्या तीन बछड्यांची नावे नेतेमंडळींच्या उपस्थितीत चिठ्ठ्या काढून ठरली. एका चिठ्ठीवर ‘आदित्य’ निघाले. राज्यातल्या एका तरुण नेत्याचे हेच नाव. तेव्हा ते बाजूला सारले गेले आणि बछड्याचा ‘कान्हा’ झाला. माणसाचे नाव जनावराला देताना ते आधी कुणाचे आहे हे पाहावे लागते, एवढे तिथे सर्वांना बिनबोभाट कळले.

घरच्या कुत्र्यांच्या बाबतीत मात्र हे कुणी पाहत नाही. मोत्या, खंड्या, वाघ्या मागे पडले. टॉमी आणि टायगरही जुने झाले. आता उल्कानगरीत काय नि सिडकोत काय, सकाळी फिरायला निघालेल्या कुत्र्यांना दगडू, गणपतराव, सखूबाई अशा हाका ऐकू येतात. मौज वाटते. तशी माणसांची नावे जनावरांना नवी नाहीत. गोठ्यातल्या गाईला गंगा, यमुना, लक्ष्मी आपण पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आलो. पण त्यात कुणी हसत नव्हते. कुत्र्याचे ‘दगडू’ हसण्यासाठीच असते.

दगडू, धोंडू, कचरू, केरबा, भिका ही नावे कशी पडली, हे हसणाऱ्यांना ठाऊक असेलच असे नाही. पाठोपाठ मुले दगावली की पुढच्याला मुद्दाम टाकाऊ नाव द्यायचे, म्हणजे काळाची नजर त्याच्यावर जाणार नाही. कुठे कुठे तर तान्हे मूल केरावर ठेवून परत उचलून आणत. नवससायास संपल्यावर आईच्या हाती उरलेला तो उपाय होता. बँकेत पेन्शनच्या दिवशी ही नावे मी वर्षानुवर्षे काउंटरवरून पुकारली. ‘कचरू’ म्हटल्यावर कापऱ्या हाताने पासबुक पुढे करणारा म्हातारा म्हणजे त्याच्या आईने राखलेले मूल. त्याचा मुलगा सही करताना मधले नाव नुसते ‘के.’ असे लिहितो.

जुन्या नावाची हौस असेल तर जरूर ठेवावे. फक्त ते आपल्याच घरातले घ्यावे, आपल्या आजोबांचे. पाहुण्यांदेखत ‘गणपतराव, पलंगावरून खाली उतर’ म्हणताना जीभ अडखळली नाही, तर प्रश्नच मिटला. ओळखीच्या एका घरी मी ही सूचना केली, तेव्हा सासूबाईंनी हातातला चहाचा कप खाली ठेवला. पिल्लाचे नाव आता बिस्किट आहे.