सर्व्हिसचा नेम बॉक्सवर नको, जाळीच्या वर हवा

जबलपूरहून कटनीकडे जाताना वाटेत कर्कवृत्त ओलांडावं लागतं. जबलपूर त्या रेषेच्या जेमतेम दक्षिणेला आहे. त्यामुळे जूनमध्ये दुपारी सूर्य इथे जवळजवळ थेट डोक्यावर असतो, तर डिसेंबरात भर दुपारीही तो दक्षिणेकडे, क्षितिजापासून साधारण ४३ अंशांवरच राहतो. शाळेच्या भूगोलातली ही माहिती टेनिस खेळणाऱ्याच्या मोठ्या कामाची आहे. टेनिस कोर्ट शक्यतो उत्तर-दक्षिण आखतात. सप्टेंबर ते मार्च या काळात दुपारच्या सुमारास दक्षिणेकडे तोंड करून सर्व्हिस करायची वेळ आली, की वर उडवलेल्या चेंडूच्या मागे नेमका सूर्य येतो. डोळे दिपतात, टॉस किंचित भरकटतो, हात त्याच्या मागे धावतो आणि चेंडू जाळीत जातो. खेळाडू मात्र दोष देतो मनगटाला.

सर्व्हिसच्या बाबतीत ही गल्लत फार होते. चूक दिसते चेंडू पडतो तिथे आणि घडलेली असते त्याच्या बरीच आधी. रॅकेट चेंडूला लागते त्या क्षणापर्यंत सर्व्हिसचं भवितव्य बहुतांशी ठरून गेलेलं असतं. चेंडू कुठे उडवला आणि जाळीच्या किती वरून पाठवायचा असं मनाशी धरलं, या दोन गोष्टी ते ठरवतात. दिशा सुधारायची असेल, तर आधी उंची सुधारावी लागते.

कोर्टाची भूमिती

मेजर वॉल्टर विंगफिल्ड या ब्रिटिश फौजी अधिकाऱ्यानं १८७४ मध्ये लॉन टेनिसचं पेटंट घेतलं. पुढच्याच वर्षी जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये नेव्हिल चेंबरलेन या तरुण अधिकाऱ्यानं बिलियर्ड्सच्या टेबलावर रंगीत चेंडू वाढवून स्नूकरची सुरुवात केली, असं मानलं जातं. दोन्ही खेळ छावण्यांमध्ये रुजले आणि दोन्ही कोनांवर चालतात. स्नूकरमध्ये कोन टेबलावर आखलेला असतो. टेनिसच्या सर्व्हिसमध्ये मात्र दोन कोन सांभाळावे लागतात, एक आडवा आणि एक उभा.

आडवा कोन आधी पाहू. बेसलाइनपासून समोरच्या सर्व्हिस लाइनपर्यंतचं अंतर १८.२९ मीटर आहे. सर्व्हिस बॉक्स ६.४० मीटर लांब आणि ४.११ मीटर रुंद असतो. मध्यखुणेजवळ उभं राहिलं, तर मधली रेघ सर्व्हिस लाइनला मिळते त्या ‘टी’पासून बाहेरच्या कोपऱ्यापर्यंतची सगळी रुंदी सुमारे साडेबारा अंशांत मावते. रॅकेटचा रोख एका अंशानं चुकला, तर एवढ्या अंतरावर चेंडू ३२ सेंटिमीटर बाजूला पडतो. म्हणजे आडव्या दिशेत चुकायला बरीच जागा आहे.

उभ्या दिशेत ती नाही. मध्यम उंचीच्या खेळाडूची रॅकेट चेंडूला साधारण २.५५ मीटरवर लागते असं धरू. जाळी मध्यभागी ०.९१ मीटर उंच असते. फिरक आणि हवेचा विरोध बाजूला ठेवून साधा हिशेब मांडला, तर ताशी १०० किलोमीटर वेगाच्या सर्व्हिसला जाळी ओलांडून बॉक्समध्ये पडण्यासाठी उभ्या दिशेत सुमारे दोन अंशांची मोकळीक मिळते. वेग १३० केला की ती एका अंशावर येते. १६० केला की अंशाच्या दोन तृतीयांशावर. जाळीच्या वर हीच मोकळीक मोजली, तर अनुक्रमे ४३, २३ आणि १३ सेंटिमीटर उंचीची खिडकी मिळते. प्रत्यक्षात हवा चेंडूला अडवते आणि खिडकी थोडी मोठी होते, पण वेग वाढला की ती आक्रसते हे काही बदलत नाही.

सर्व्हिस जाळीत का जाते, याचं उत्तरही याच हिशेबात आहे. २.५५ मीटरवरच्या चेंडूपासून समोरच्या सर्व्हिस लाइनपर्यंत सरळ रेघ ओढली, तर ती सुमारे आठ अंश खाली उतरते आणि जाळीत अडकते. ताशी १०० किलोमीटरच्या यशस्वी सर्व्हिसचा चेंडू मात्र रॅकेटवरून निघताना केवळ दीड ते साडेतीन अंशच खाली झुकलेला असतो, म्हणजे जवळजवळ आडवा. उरलेलं काम गुरुत्वाकर्षण करतं. बॉक्स खाली दिसतो म्हणून डोळा खाली नेम धरतो, डोळ्याच्या मागे हात जातो आणि चेंडू दाबला जातो. म्हणूनच प्रशिक्षक ‘वर मार, वर मार’ असं सतत सांगत असतात. नेम बॉक्सवर धरायचा नसतो, जाळीच्या वरच्या त्या खिडकीवर धरायचा असतो.

उंच माणसांचा खेळ?

जानेवारी २०१९ मध्ये पुण्यात बालेवाडीच्या संकुलात महाराष्ट्र ओपनची अंतिम लढत रंगली. एका बाजूला २०३ सेंटिमीटर उंचीचा केविन अँडरसन, दुसऱ्या बाजूला २११ सेंटिमीटरचा इव्हो कार्लोविच. तिन्ही सेट टायब्रेकमध्ये गेले आणि अँडरसन जिंकला. गुरुत्वाकर्षण नसतंच, तरी सरळ रेषेत जाळीवरून बॉक्समध्ये जाण्यासाठी चेंडू किमान २.७० मीटरवरून मारावा लागला असता. या दोघांची रॅकेट त्याहून बरीच वर पोहोचते. त्यांची खिडकी जन्मतःच मोठी आहे.

पण यावरून मध्यम उंचीच्या मुलांनी आपला खेळच नव्हे असं समजू नये. आपल्याच रमेश कृष्णनची सर्व्हिस वेगासाठी कधीच ओळखली गेली नाही. तरीही तो १९८६ मध्ये विम्बल्डनच्या उपांत्यपूर्व फेरीत पोहोचला आणि १९८९ च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये त्यानं तेव्हाच्या अव्वल मॅट्स विलँडरला हरवलं. उंची कमी असेल, तर खिडकी मोठी करण्याचा दुसरा मार्ग खुला असतो. तो मार्ग म्हणजे फिरक.

पुढच्या दिशेनं फिरणाऱ्या चेंडूला हवा खाली ढकलते. त्यामुळे तो जाळीच्या अर्धा-पाऊण मीटर वरून गेला, तरी बॉक्समध्ये उतरतो. दुसऱ्या सर्व्हिसचं सगळं गुपित यातच आहे. पहिली सर्व्हिस चुकली की बहुतेक हौशी खेळाडू हात आखडतात आणि चेंडू नुसता ढकलून देतात. आखडलेल्या हातात फिरक नसते आणि फिरक नाही म्हणजे सुरक्षितताही नाही. दुसऱ्या सर्व्हिसलाही रॅकेट तितक्याच जोरानं फिरायला हवी. फक्त तो जोर चेंडू पुढे ढकलण्याऐवजी त्याला घासत वर जाण्यात खर्च करायचा. त्यासाठी पकड हातोडा धरल्यासारखी हवी. फोरहँडच्या पकडीनं सर्व्हिस केली की रॅकेटचा चेहरा सपाट राहतो आणि फिरक लागत नाही.

टॉस हाच पाया

सर्व्हिसमध्ये चेंडू आपणच उडवतो. प्रतिस्पर्धी त्यात काहीच करू शकत नाही. तरीही सर्वात कमी सराव होतो तो टॉसचाच. चेंडू रॅकेटच्या तारांवर साधारण ५ हजारांश सेकंद टेकतो. तेवढ्या वेळात काही दुरुस्त करता येत नाही. टॉस पुढे गेला तर चेंडू खाली जातो, मागे राहिला तर लांब जातो, डावी-उजवीकडे सरकला तर दिशा हरवते.

फार उंच टॉसही घातक. संपर्कबिंदूच्या ३० सेंटिमीटर वर जाऊन परतणारा चेंडू संपर्काच्या क्षणी सेकंदाला सुमारे २.४ मीटर वेगानं खाली येत असतो. एक मीटर वर जाऊन परतणारा ४.४ मीटर वेगानं येतो. वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागानंही चुकली, तरी पहिल्यात फरक अडीच सेंटिमीटरांचा पडतो, दुसऱ्यात साडेचार. वाऱ्याचा त्रास वेगळाच. म्हणून टॉस हात पूर्ण ताणल्यावर रॅकेट जिथे पोहोचते त्याच्या थोडाच वर जायला हवा. चेंडू बोटांच्या टोकांवर धरावा आणि हात खांद्यातून सरळ वर न्यावा. कोपर किंवा मनगट वाकलं की चेंडू भरकटतो.

टी, अंग आणि बाहेरची बाजू

उंची आणि टॉस जमले की दिशा निवडता येते. ढोबळ मानानं तीन लक्ष्यं असतात. टीवरची सर्व्हिस जाळीच्या सर्वात बुटक्या भागावरून जाते आणि तिला कापायचं अंतरही सर्वात कमी असतं, म्हणून परतवणाऱ्याला वेळ मिळत नाही. बाहेरच्या कोपऱ्याकडची सर्व्हिस प्रतिस्पर्ध्याला कोर्टाबाहेर खेचते. पण तिथे जाळी आठेक सेंटिमीटर उंच असते आणि चेंडूला सुमारे ४५ सेंटिमीटर जास्त जावं लागतं. म्हणून ती सपाट मारण्यापेक्षा फिरक देऊन मारणं शहाणपणाचं. तिसरं लक्ष्य प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर. क्लबच्या पातळीवर हे लक्ष्य फार कमी वापरलं जातं. अंगावर आलेल्या चेंडूला फोरहँड लावायचा की बॅकहँड, हे ठरवण्यातच समोरच्याचा वेळ जातो.

दिशा बदलायची म्हणजे टॉस बदलायचा नाही. पीट सॅम्प्रासच्या लहानपणी त्याचे प्रशिक्षक पीट फिशर चेंडू हातातून सुटल्यावर ‘टी’ किंवा ‘बाहेर’ असं ओरडून सांगत. त्यामुळे एकाच टॉसवरून सगळ्या सर्व्हिस करण्याची त्याला सवय लागली आणि पुढे प्रतिस्पर्ध्यांना त्याचा टॉस पाहून काहीच ओळखता येईना. तयारीच्या खेळाडूनं हाच ध्यास धरावा. नवशिक्यानं मात्र आधी एकाच दिशेला भरवशाची सर्व्हिस घडवावी.

आणखी एक पथ्य. रेषेवर नेम धरू नये. तुमचे चेंडू ठरवलेल्या जागेच्या आजूबाजूला एक-एक मीटर पसरत असतील, तर नेम रेषेच्या एक मीटर आतच हवा. सराव वाढेल तसा पसारा आवळतो, मग नेमही रेषेकडे सरकवावा. दुहेरी चुका कमी करण्याचा याहून सोपा उपाय नाही.

मे आणि जानेवारीचे चेंडू वेगळे

जबलपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ४०० मीटर उंचीवर आहे. इथे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि जानेवारीच्या पहाटे दहाच्या खाली उतरतो. १२ अंशांच्या तुलनेत ४२ अंश तापमानाची हवा जवळपास १० टक्के विरळ असते. विरळ हवा चेंडूला कमी अडवते आणि कमी वळवते. तापलेला चेंडू उसळतोही जास्त. म्हणून जानेवारीत बिनचूक पडणारी सर्व्हिस मे महिन्यात रेषेबाहेर जाऊ लागते आणि खेळाडू तंत्रात दोष शोधत बसतो. दोष तंत्रात नसतो. उन्हाळ्यात फिरक वाढवावी. हिवाळ्यात खिडकी थोडी वर धरावी, कारण चेंडू लवकर खाली येतो. नागपूरच्या खेळाडूंनाही उन्हाळ्याचा हा धडा लागू आहे.

सूर्याचं कोडंही सोडवता येतं. उन्हाच्या बाजूनं सर्व्हिस करताना उभं राहण्याचा कोन थोडा बदलावा, म्हणजे टॉस सूर्यापासून बाजूला सरकतो. कोणत्या महिन्यात, कोणत्या तासाला, कोणत्या टोकाला त्रास होतो, हे वहीत टिपून ठेवावं. स्पर्धेआधी हे ठाऊक असलेला खेळाडू निम्मी लढाई जिंकलेला असतो.

सराव कसा करावा

सरावाची सुरुवात रॅकेटशिवाय करावी. उजव्या हातानं खेळणाऱ्यानं डाव्या पावलाच्या पुढे, बेसलाइनच्या आत रॅकेट जमिनीवर ठेवावी. चेंडू उडवून खाली पडू द्यावा. तो रॅकेटच्या जाळीवर किंवा तिच्या लगत पडायला हवा. दहापैकी आठ वेळा हे जमेपर्यंत पुढे जाऊ नये.

मग जाळीच्या दोन्ही टोकांना बांबू बांधून जाळीच्या ६० सेंटिमीटर वर दोरी ताणावी. सगळ्या दुसऱ्या सर्व्हिस या दोरीवरून जाऊन बॉक्समध्ये पडायला हव्यात. या वेळी बॉक्सकडे बघूच नये, नजर दोरीवर ठेवावी. वर मारायची सवय लागत नसेल, तर सर्व्हिस लाइनजवळ गुडघ्यावर बसून सर्व्हिस करून पाहावी. बसल्यावर चेंडू खाली दाबून चालतच नाही, शरीर आपोआप वर मारायला शिकतं.

दिशेसाठी बॉक्समध्ये तीन ठिकाणी चेंडूंचे रिकामे डबे ठेवावेत. एकाच डब्यावर सलग वीस सर्व्हिस केल्या की त्या दिवशी छान वाटतं, पण सामन्यात उपयोग कमी होतो. क्रम बदलत केलेला सराव करताना जड जातो आणि जास्त काळ टिकतो, हे जॉन शी आणि रॉबिन मॉर्गन या संशोधकांनी १९७९ च्या प्रयोगात दाखवलं. तेव्हापासून क्रीडाशास्त्रात त्यावर सतत काम होत आलं आहे. म्हणून एक टीवर, एक अंगावर, एक बाहेर असा क्रम ठेवावा. प्रत्येक वेळी चेंडू टेकवून, श्वास सोडून, लक्ष्य मनात पक्कं करून मगच टॉस करावा.

प्रत्येक चुकीची नोंद चार रकान्यांत करावी: जाळीत, लांब, डावीकडे, उजवीकडे. आठवड्याभरात एक रकाना इतरांपेक्षा भरलेला दिसेल. तीच पुढच्या आठवड्याची शिकवणी. जाळीत जास्त जात असतील, तर खिडकी वर न्या. लांब जात असतील, तर फिरक वाढवा. एकाच बाजूला जात असतील, तर टॉस तपासा.

या सरावाला वेग मोजणारं यंत्र लागत नाही, मोठ्या शहरातली अकादमी लागत नाही. दोन बांबू, एक दोरी, काही डबे आणि एक वही पुरते, आणि हे सगळं जबलपूरच्या कुठल्याही मैदानावर मिळतं. मुलांच्या हाती रॅकेट देणाऱ्या पालकांना आणि प्रशिक्षकांना एवढंच सांगणं आहे: पहिली दोन वर्षं वेगाचं कौतुक करू नका. टॉसचं करा, उंचीचं करा, चुकल्यावरही पूर्ण हात फिरवून मारलेल्या दुसऱ्या सर्व्हिसचं करा. वेग अंगात ताकद आल्यावर वाढतो. अचूकतेची सवय लहानपणी लागली नाही, तर पुढे तीच सर्वात महाग पडते.