मेहरूणच्या बोरांपलीकडे

मेहरूण म्हटलं की खान्देशी माणसाला आधी बोरं आठवतात. जळगावच्या या तलावाकाठच्या गावाचं नाव बोराच्या जातींत उमराण, कडाका यांच्या पंगतीला जाऊन बसलं. बांधावरच्या सराट्याला, भुईरिंगणीला, आघाड्याला हा मान कधी मिळाला नाही. त्यांची नीट दखल घ्यायलाच शंभरावर वर्षं लागली.

१८८० साली खान्देशचं गॅझेटियर निघालं. सरकारला जंगलात रस होता तो मुख्यतः लाकडाचा, त्यामुळे पायाखालचा पाला मागे पडला. औषधाच्या अंगाने पाहणारं काम पुढच्या दशकात आलं. डायमॉक, वॉर्डन आणि हूपर यांनी ‘फार्माकोग्राफिया इंडिका’त वनस्पतींची देशी नावंही दिली. थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याचा फ्लोरा १९०१ ते १९०८ दरम्यान छापून झाला. मराठीत शंकर दाजीशास्त्री पदे यांनी ‘वनौषधिगुणादर्श’ लिहिला. धुळे-नंदुरबारचा स्वतंत्र फ्लोरा मात्र २००३ साली आला, जळगावचा २००८ साली.

घरातल्या बायकांचं या पुस्तकांवाचून काही अडलं नव्हतं. बाळगुटीतली मुरुडशेंग सातपुड्याच्या झुडपांवरची. पिळवटलेल्या दोरीसारखी शेंग. सहाणेवर थोडं आईचं दूध घ्यायचं, शेंगेचे मोजके वेढे द्यायचे आणि पोटात मुरडा आलेल्या तान्ह्याला ते चाटवायचं. हगवणीला कुड्याची साल, खोकल्याला अडुळसा किंवा भुईरिंगणी, खरजेला टाकळा.

हे सगळं पुराणकाळापासून जसंच्या तसं चालत आलं, असं मानायचं कारण नाही. विळा लागला की शेतात एकदांडीचा पाला चुरगळून जखमेवर दाबतात. कुणी तिला दगडी पाला म्हणतं, कुणी कंबरमोडी. ही वनस्पती मूळची अमेरिकेतली, चरक-सुश्रुतांना ती माहीत असणं शक्यच नव्हतं. आज मात्र ती आजीच्या बटव्यातलीच वाटते!

पांढऱ्या मुसळीची गोष्ट वेगळी. वनस्पतिशास्त्रात तिला बोरिवलीवरून नाव मिळालं ते १९५०च्या दशकात. जंगलातली माणसं त्याच्या कितीतरी आधीपासून तिच्या मुळ्या खणत होती. शक्तिवर्धक म्हणून मागणी वाढली तसा खणण्याचा सपाटा वाढला आणि मुळीसकट उपटलेलं झाड बी धरायला उरेना. पुढे शेतांतून तिची लागवड सुरू झाली, तेव्हा बियाणं म्हणून पुन्हा त्याच मुळ्या लागल्या.